आकडे उलटे म्हण

"सहा, दोन, नऊ." समोर बसलेली ताई एकेक आकडा सावकाश उच्चारते आणि थांबते. "आता उलटे म्हण."

नऊ वर्षांचं पोर ओठ दातांत धरून विचार करतं. ऐकलेले आकडे त्याच क्रमानं म्हणायला फार कष्ट पडत नाहीत, पाढ्यांसारखी जीभ चालते. उलटे म्हणायचे तर तिन्ही आकडे मनात धरून ठेवावे लागतात, फिरवावे लागतात आणि शेवटाकडून एकेक सोडावा लागतो. "नऊ… दोन… सहा." जमलं. ताई पुढचे आकडे वाचते, या वेळी चार.

मग समोर कागद येतो. कागदभर विखुरलेले गोल, प्रत्येकात एक आकडा. एकपासून सुरुवात करून पेन्सिलीनं सगळे गोल क्रमानं जोडायचे. मूल कागदावर वाकतं आणि ताई हातातल्या घड्याळाकडे बघते.

पुण्यापासून सुमारे 50 किलोमीटरवरच्या सहा गावांतल्या मुलांनी ही चाचणी दिली. दिसायला सगळी सारखीच, एकाच मातीत खेळणारी आणि एकसारख्या शाळांत जाणारी. तरी त्यांतल्या एका गटाला गोल जोडायला सरासरी 182 सेकंद लागले आणि दुसऱ्याला 159. उलटे आकडे म्हणतानाही पहिला गट मागे पडला. असं का व्हावं, हे त्या मुलांच्या वह्यापुस्तकांत शोधून सापडलं नसतं. उत्तर होतं त्यांच्या आयांच्या रक्तात. ही मुलं पोटात असताना घेतलेलं ते रक्त इतकी वर्षं गोठवून जपून ठेवलं होतं.

ही त्या 23 सेकंदांची गोष्ट आहे. तिचा मोठा भाग पुण्यात, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या आसपास घडला. ती घडवणाऱ्यांत कुणी नवजात बाळांचे डॉक्टर होते, कुणी मधुमेहाचे, तर कुणी आहारशास्त्राचे अभ्यासक. बालकाचा मेंदू कसा घडतो, या प्रश्नापाशी ते वेगवेगळ्या वाटांनी पोचले आणि त्या प्रश्नानं त्यांच्या उमेदीची वर्षं घेतली.

पहिली वाट सुरू झाली 1987 साली. केईएम हे 1912 पासूनचं रुग्णालय. डॉ. बानू कोयाजी यांनी ते आयुष्यभर वाढवलं आणि शिरूर तालुक्यातल्या वढूपर्यंत त्याचे हात पोचवले. ऐंशीच्या दशकात इथल्या नवजात अतिदक्षता विभागात दोन किलोहून कमी वजनाची बाळं वाचू लागली होती. पूर्वी ज्यांच्याकडे पाहून घरच्यांनी मन घट्ट केलं असतं, अशी तळहाताएवढी बाळं आता दुपट्यात गुंडाळून घरी जात होती. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे त्यातून नवा प्रश्न उभा राहिला. बाळ वाचलं हे खरं, पण त्याच्या मेंदूचं पुढे काय होणार? ते बोलेल कधी, वाचेल कसं, गणितात अडेल का?

ऑक्टोबर 1987 ते एप्रिल 1989 या काळात विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा माग काढायचा असं ठरलं. सोबत पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची बाळंही तुलनेसाठी घेतली. माग काढायचा म्हणजे एकदोन वर्षं नव्हे, तब्बल अठरा. अशा अभ्यासात यंत्रसामग्रीपेक्षा चिकाटी जास्त लागते. कुटुंबानं घर बदललं की मूल अभ्यासातून निसटतं. आईचा विश्वास एकदा उडाला की ती पुन्हा येत नाही. आपण आज मोजतोय त्याचा अर्थ बारा वर्षांनी कळणार आहे, हे माहीत असताना प्रत्येक नोंद तितक्याच काळजीनं करावी लागते.

बाराव्या वर्षी 180 मुलं चाचणीला हजर होती. तुलनेच्या गटात 90. जन्मतः कमी वजनाच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक 89.5 भरला आणि दुसऱ्या गटाचा 97.2. मुलं मंद नव्हती, त्यांची सरासरी सर्वसाधारण मर्यादेतच होती. पण डोळ्यांनी पाहिलेलं हातानं उतरवणं, वाचन आणि गणित या ठिकाणी ती अडखळत होती. सर्वांत मागे होती ती दुहेरी फटका बसलेली मुलं, म्हणजे वेळेआधी जन्मलेली आणि गर्भात जितके दिवस राहिली त्या मानानंही लहानखुरी. अठराव्या वर्षी 161 जण पुन्हा तपासले गेले, तेव्हाही ते अंतर मिटलेलं नव्हतं. या चमूनं घरातल्या परिस्थितीचाही हिशेब मांडला आणि त्यात आईच्या शिक्षणाचा ठसा स्पष्ट उमटलेला दिसला.

वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या आणि 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खाणाऱ्या कितीतरी मुलांची मला हे वाचताना आठवण होते. त्यांच्या अडखळण्याची सुरुवात शाळेत झालेली नसते. ती जन्माच्या वजनापर्यंत जाते, हे या अठरा वर्षांनी दाखवलं. मग पुढचा प्रश्न येतोच: आपल्याकडे इतकी बाळं लहान का जन्मतात?

त्याच रुग्णालयात दुसरे एक डॉक्टर या प्रश्नाकडे भलत्याच दिशेनं येत होते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे तज्ज्ञ. ऑक्सफर्डला संशोधन करून ते पुण्यात परतले. त्यांच्यासमोर येणारे मधुमेही परदेशी पुस्तकांतल्या मधुमेह्यांपेक्षा वयानं तरुण आणि अंगानं बारीक होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्याशी संबंध आला. मोठेपणीच्या आजारांची मुळं गर्भातल्या उपासमारीत असतात, असं बार्कर मांडत होते. हे तपासायचं तर बाळ जन्मण्याची वाट बघून चालणार नव्हतं. त्याच्याही आधी पोचायला हवं होतं.

1993 मध्ये 'पुणे मातृपोषण अभ्यास' सुरू झाला. सहा गावांतल्या दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रिया, ज्या अजून गरोदर नव्हत्या, त्यात सामील झाल्या. अभ्यासाची कार्यकर्ती दर महिन्याला दारात उभी राहायची आणि जावांनी-सासवांनी भरलेल्या घरात सुनेला एक नाजूक प्रश्न विचारायची: वहिनी, पाळी आली का? पाळी चुकली की पुढची तपासणी सुरू. वजन, उंची, खाणं, शेतातलं काम, पाण्याच्या खेपा, सगळ्याची नोंद व्हायची. गरोदरपणाच्या अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात रक्त घेतलं जायचं आणि त्यातला काही भाग गोठवून ठेवला जायचा. त्या नळ्यांत पुढे काय सापडणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

बाळ जन्मलं की 72 तासांच्या आत मोजमाप. साडेसातशेहून जास्त बाळं मोजली गेली. सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. पण त्वचेखालची चरबी चिमटीत धरून मोजली, तेव्हा आश्चर्य वाटावं असं काही दिसलं. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पोट लहान, डोकंही लहान, पण चरबी मात्र जवळजवळ तितकीच. हडकुळं दिसणारं हे बाळ आतून मेदानं भरलेलं होतं. मधुमेहाच्या अभ्यासात हा शोध जगभर गाजला.

आगरकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव यांनी आयांच्या आहाराचा हिशेब मांडला. आई एकूण किती उष्मांक खाते, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध जुळेना. जुळला तो पालेभाज्यांशी, फळांशी आणि दुधाशी. म्हणजे पोट भरलं की नाही, एवढ्यावर भागत नव्हतं. ताटात नेमकं काय होतं, ते महत्त्वाचं ठरत होतं. भाकरीनं भूक भागत होती, तरी बाळ घडवायला लागणारी एखादी बारीकशी वस्तू कमी पडत होती. कोणती?

धागा सापडला तो नॉर्वेतल्या संशोधक हेल्गा रेफ्सुम यांच्या मदतीनं. रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढला की तो शरीरातल्या एका अडलेल्या कामाची खबर देतो. पुण्यातल्या 204 स्त्री-पुरुषांची तपासणी झाली आणि 2001 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांचं होमोसिस्टीन वाढलेलं होतं आणि 47 टक्क्यांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. हे लोक कुपोषित दिसत नव्हते. चालतीबोलती, नोकरीधंदा करणारी माणसं होती. त्यांच्या शरीरातली ही उणीव बाहेरून कुणाला दिसलीच नव्हती.

बी-12 ची गंमत अशी की ते ना झाडाला बनवता येतं, ना प्राण्याला. ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशीच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात आणि मांसात येतं. अंडी, मासे यांतही असतं. धान्यात, डाळीत, भाजीत ते नसतं. प्रौढ माणसाला ते दिवसाला साधारण 2 मायक्रोग्रॅम पुरतं. या हिशेबानं एक ग्रॅम बी-12 एका माणसाला तेराशेहून जास्त वर्षं पुरेल. इतक्या सूक्ष्म वस्तूवाचून मेंदूचं मात्र अडतं. चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिन नावाचं वेष्टण चढतं, विजेच्या तारेवर असतं तसं. ते नीट असलं की संदेश झपाट्यानं धावतात. हे वेष्टण चढायला आणि टिकायला बी-12 लागतं. नव्या पेशी घडताना डीएनए तयार करण्यातही त्याचा हात असतो. तिथे फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व त्याचं जोडीदार असतं.

फोलेटची कथाही एका अर्थी आपल्याच मातीतली. 1928 साली लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागली. यीस्टपासून बनवलेल्या स्वस्तातल्या मार्माइटनं त्या बऱ्या होतात, हे तिनं दाखवलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. बी-12 बद्दलची धोक्याची घंटाही भारतातच वाजली होती. 1962 मध्ये वेल्लोरच्या डॉ. जाधव आणि सहकाऱ्यांनी अंगावर पिणाऱ्या काही बाळांची हकिगत लिहिली. ही बाळं शिकलेलं विसरत चालली होती. नजर हरवलेली, हातापायांना नको त्या हालचाली. त्यांच्या आयांमध्ये बी-12 कमी होतं. ते जीवनसत्त्व देताच बाळं सुधारली. पण हा टोकाच्या अभावाचा आजार होता. ज्या आईला काही होत नाही आणि जिचं बाळ हसतं-खेळतं आहे, तिथेही ही उणीव काही करत असेल का, हा प्रश्न चार दशकं पडून राहिला.

आता गोठवलेल्या नळ्यांची वेळ आली होती. त्या सहा गावांतल्या आयांचं जुनं रक्त तपासलं, तर जवळपास दोन-तृतीयांश जणींमध्ये गरोदरपणात बी-12 कमी होतं. फोलेट मात्र जेमतेम एखाद-दुसरीचंच कमी. 2008 मध्ये याचा एक परिणाम समोर आला: बी-12 कमी आणि फोलेट जास्त अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. बैलजोडीतला एक बैल दांडगा आणि दुसरा अशक्त असला की गाडी सरळ चालत नाही, तसंच हे. गरोदरपणात लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या देणं योग्यच आहे. फोलिक ॲसिडमुळे बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष टळतात, हे जगात सिद्ध झालं आहे. पण जोडीतल्या दुसऱ्या बैलाकडे कुणी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी विद्या भाटे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यात होते ते उलटे आकडे आणि पेन्सिलीनं जोडायचे गोल. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ज्या आयांचं बी-12 सर्वांत खालच्या टोकाला होतं त्यांची मुलं एका गटात, आणि सर्वांत वरच्या टोकाला होतं त्यांची दुसऱ्या गटात. दोन्ही मिळून शंभराच्या आसपास मुलं. बुद्धिमत्तेच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच निघाले. फरक पडला तो दोनच ठिकाणी: लक्ष टिकवून धरण्यात, आणि थोडा वेळ मनात आकडे धरून ते फिरवण्यात. इतका बारीक फरक घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. फळ्यावरचं गणित उतरवून घेताना तो जाणवतो. हातचा धरायचा राहून जातो, बाई पुढच्या ओळीवर गेलेल्या असतात.

एका निकालावर विसंबणं विज्ञानात बसत नाही. 2010 मध्ये म्हैसूरच्या मुलांवरचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यानं उलटं चित्र दाखवलं: आईचं फोलेट चांगलं तर मुलाची आकलनशक्ती चांगली, बी-12 चा संबंध दिसत नाही. शिवाय पुण्याच्या निरीक्षणाला दुसरा खुलासाही असू शकत होता. ज्या घरात आईला दूध-दही मिळतं, त्या घरात मुलाला आणखीही पुष्कळ काही मिळत असेल. मग श्रेय बी-12 चं की घराचं? हे नुसत्या निरीक्षणानं सुटणार नव्हतं. बी-12 प्रत्यक्ष देऊन पाहायला हवं होतं. आणि मेंदूची पहिली नळी तर गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. दिवस गेलेत हे बहुतेक बायकांच्या तोपर्यंत ध्यानातही आलेलं नसतं. गरोदर बाई दवाखान्यात येईपर्यंत थांबलो, तर आपण पुन्हा उशिराच पोचणार.

म्हणून 2012 मध्ये 'प्रिया' नावाचा प्रयोग सुरू झाला. सहभागी कोण? तीच मुलं, जी 1993 नंतर या अभ्यासात जन्मली होती. ती आता सोळा-अठरा वर्षांची झाली होती. 557 मुलं-मुली चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तीन गटांत विभागल्या. एका गटाला रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12. दुसऱ्याला बी-12 सोबत इतर सूक्ष्म पोषकं आणि दुधाची प्रथिनं. तिसऱ्याला दिसायला औषधासारखा, पण औषध नसलेला डोस. नुसतं बी-12 कुणाला आणि औषध नसलेला डोस कुणाला, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. मुली लग्न होऊन सासरी गेल्या तरी त्यांचा पाठपुरावा चालू राहिला, पहिल्या बाळंतपणापर्यंत.

ती बाळं दोन वर्षांपलीकडे गेली, तेव्हा त्यांच्यासमोर ठोकळे आणि चित्रं मांडली गेली. ठोकळा ठोकळ्यावर रचणं, लपवलेली वस्तू शोधणं, चित्रातल्या वस्तूचं नाव सांगणं. बेली या जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीनं ती तपासली. 2021 मध्ये निकाल छापून आला. ज्या मातांना गर्भधारणेच्या आधीपासून नुसतं बी-12 मिळालं होतं, त्यांची बाळं आकलनात आणि भाषेत औषध नसलेल्या गटाच्या पुढे होती. त्यांच्या नाळेतल्या रक्तात चेतापेशींच्या वाढीला मदत करणारं बीडीएनएफ हे प्रथिनही सर्वांत जास्त दिसलं, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस नव्हता. बी-12 सोबत बाकी सगळं मिळालेल्या दुसऱ्या गटात मात्र असा फरक दिसला नाही. तो का, हा प्रश्न उभा आहे. मोजलेली बाळं थोडी आहेत, हेही विसरून चालणार नाही.

इतर ठिकाणची उत्तरंही संमिश्र आहेत. बंगळुरूत गरोदरपणात रोज 50 मायक्रोग्रॅम बी-12 दिलं, तेव्हा तीस महिन्यांच्या मुलांच्या बोलण्यात फायदा दिसला. नेपाळमध्ये 800 गरोदर स्त्रियांवरचा प्रयोग 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पहिल्या वर्षातल्या बाळांच्या वाढीत आणि विकासात फरक आढळला नाही. पण या दोन्ही ठिकाणी सुरुवात झाली होती दिवस गेल्यानंतर. पुण्यातली सुरुवात त्याच्या आधीची होती.

मला या सगळ्या शोधात एक गोष्ट फार मोलाची वाटते. काळ सरळ पुढे जात असताना या संशोधकांनी आकडे उलटे म्हटले. अठरा वर्षांच्या तरुणाच्या अडचणीचा माग त्यांना त्याच्या जन्माच्या वजनापाशी घेऊन गेला. जन्माच्या वजनाचा माग आईच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यापाशी पोचला. आणि तिथूनही मागे जात ते थांबले एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीपाशी, जिच्या लग्नाची बोलणीसुद्धा सुरू झालेली नाहीत. अठरा, नऊ, दोन, शून्य, आणि मग शून्याच्याही अलीकडे.

तिच्या ताटाकडे आपण बघतो का? घरात म्हैस असते, पण दूध डेअरीत जातं. दही वाढताना आधी पुरुषांच्या, मग मुलाच्या वाटीत पडतं. लेक आणि सून शेवटी बसतात, तोवर पातेलं खरवडायची वेळ आलेली असते. मटण शिजतं ते जत्रेला किंवा एखाद्या रविवारी, आणि बाई सोमवार-गुरुवार करते म्हणून तेही तिच्या वाट्याला येत नाही. तिच्या उपासाला आपण श्रद्धा म्हणतो आणि शेवटी जेवण्याला संस्कार. तिच्या रक्तातली उणीव मात्र वीस वर्षांनी तिच्या लेकराच्या पेन्सिलीत उतरते, हे आपल्या गावीही नसतं.

त्या सहा गावांत आज कुठेतरी याच अभ्यासात जन्मलेल्या पिढीचं एखादं पोर ताईसमोर बसलं असेल. एक ठोकळा, त्यावर दुसरा, जीभ बाहेर काढून त्यावर तिसरा. दाराशी त्याची आई उभी असेल. तिच्याही जन्मानंतर 72 तासांच्या आत कुणीतरी असंच दारात येऊन तिचं वजन, तिचं डोकं, तिची चिमूटभर चरबी मोजून गेलं होतं. ठोकळा पडतो. ती नकळत एक पाऊल पुढे येते, मग थांबते. पोर पुन्हा हात घालतं.

तिला आज जेवताना वाटीभर दही मिळालं का, एवढंच मला विचारायचं आहे.